कंपाऊंड धनुष्याची शिकारी मांडणी आणि सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी तिरंदाजांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं उजव्या हाताच्या तिरंदाजाला धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं. मापं इंच, पाउंड, ग्रेन आणि यार्डात दिली आहेत, कारण धनुष्यांवर आणि बाणांच्या खोक्यांवर तीच छापलेली असतात. १ यार्ड म्हणजे ०.९१४ मीटर आणि १ ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम.

१. शिकारी मांडणीचं धनुष्य स्पर्धेच्या धनुष्यापेक्षा वेगळं कशात असतं? शिकार करायचीच नसेल तर ते घेण्यात अर्थ आहे का?

शिकारी मांडणीचं धनुष्य आखूड असतं. दोन कॅमच्या (धनुष्याच्या दोन टोकांवरच्या, दोरी गुंडाळणाऱ्या चाकांच्या) आसांमधलं अंतर साधारण २८ ते ३३ इंच, म्हणजे झाडीत आणि मचाणावर अडकू नये इतकं. साइटवर (नेम धरायच्या जोडणीवर) भिंगाऐवजी तीन ते पाच उजळ पिना असतात, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा पुढचा दांडा) छोटा असतो आणि बाण जड असतात. स्पर्धेचं धनुष्य लांब असतं, हातात जास्त स्थिर राहतं आणि लहान चुका पोटात घालतं. आखूड धनुष्य चूक लगेच दाखवतं.

शिकारीचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि अनेक ठिकाणी तिच्यावर पूर्ण बंदी आहे. ही मांडणी वापरणारे पुष्कळ जण फक्त फोमच्या त्रिमितीय प्राण्यांवर नेम धरतात. अनोळखी अंतर, उतार, झाडांमधून येणारा अर्धवट प्रकाश हे सगळं त्यात येतं आणि खेळ म्हणून ते पूर्ण आहे. खालची बहुतेक उत्तरं दोघांनाही सारखीच लागू आहेत.

२. मी उजव्या हाताने लिहितो, मग धनुष्य उजव्या हाताचंच घ्यायचं ना?

आधी डोळा तपासा. दोन्ही हात पुढे लांब करून पंज्यांमध्ये लहानसा त्रिकोण करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरची एखादी वस्तू पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने पाहताना वस्तू त्रिकोणातच राहते, तो तुमचा प्रबळ डोळा.

प्रबळ डोळा उजवा असेल तर उजव्या हाताचं धनुष्य, म्हणजे दोरी उजव्या हाताने ओढायची आणि धनुष्य डाव्यात धरायचं. हात उजवा आणि डोळा डावा असेल तर नवशिक्याने सरळ डाव्या हाताचं धनुष्य घ्यावं, असं आमचं मत आहे. पहिले दोन आठवडे अवघडल्यासारखं होतं, पण नंतर दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. उजव्या हाताची सवय पक्की झाली असेल, तर नेम धरताना डावा डोळा मिटणं किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावणं हा चालण्याजोगा उपाय आहे.

३. ड्रॉ लेंथ (दोरी पूर्ण ओढल्यावर किती मागे येते ते माप) कशी मोजायची? दुकानात एक सांगतात, मित्र दुसरंच सांगतो.

भिंतीला पाठ लावून हात आडवे पसरा, मात्र ताणू नका. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि २.५ ने भागा. १७५ सेंटिमीटर म्हणजे ६८.९ इंच; भागाकार २७.५६, म्हणजे सुरुवात २७.५ इंचापासून.

हा फक्त अंदाज आहे. खरी परीक्षा पूर्ण ताणावर होते. कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा आणि तीन गोष्टी पाहा. दोरी नाकाच्या शेंड्याला हलकेच टेकते का? ओढणाऱ्या हाताचं कोपर बाणाच्या रेषेत किंवा किंचित वर आहे का? पाठीचा कणा सरळ आहे का?

लांबी जास्त झाली की माणूस मागे झुकतो, डोकं मागे जातं आणि धनुष्याचा हात कोपरात पूर्ण ताठ होऊन दोरीच्या वाटेत येतो. दोरी हाताच्या आतल्या बाजूला फटका मारत असेल तर पहिला संशय यावर घ्या. लांबी कमी झाली की खांदे आखडतात आणि पूर्ण ताणावर स्थिर राहता येत नाही. शंका असेल तर अर्धा इंच कमी ठेवा. थोड्या कमी लांबीत शरीर सांभाळता येतं, जास्त लांबीत येत नाही. रिलीज (दोरी धरून सोडायचं ट्रिगरचं साधन) बदलला किंवा डी-लूपची (दोरीवर रिलीज अडकवायच्या फाशाची) लांबी बदलली तर चेहऱ्यावर हात टेकण्याची जागा, म्हणजे अँकर, सरकते. त्यामुळे हे माप रिलीज ठरल्यावर पक्कं करा.

४. किती पाउंडाचं धनुष्य घ्यावं?

इथे धनुष्याचं वजन म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, पाउंडांत. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीपासून उचला आणि धनुष्य टार्गेटच्या दिशेने सरळ धरून दोरी ओढा, अर्थातच बाण लावून आणि समोर टार्गेट ठेवून. धनुष्य आकाशाकडे न उचलता आणि झटका न देता दोरी मागे आली, तर ते वजन तुमचं. खांदा कानाकडे चढत असेल तर ५ पाउंड उतरवा.

कंपाऊंडमध्ये कॅम वळला की ओढ एकदम उतरते. त्याला लेट-ऑफ म्हणतात. ६० पाउंड आणि ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ताणावर हातात १२ पाउंडच उरतात. म्हणून अडचण धरून ठेवण्यात येत नाही, ती शिखर पार करण्यात येते, आणि खांद्याच्या दुखापती तिथेच होतात.

वजन कमी-जास्त करायला लिंबचे (धनुष्याच्या लवचीक भुजांचे) बोल्ट ॲलन कीने फिरवतात. वरचा आणि खालचा नेहमी सारखाच, अर्ध्या फेऱ्यांच्या हिशेबाने. एका पूर्ण फेरीत बहुतेक मॉडेलांत २ ते ३ पाउंड फरक पडतो. किती फेऱ्या सैल करता येतात याची मर्यादा धनुष्याच्या पुस्तिकेत असते. ती ओलांडली तर लिंब खाचेतून सुटू शकतो. वजन बदललं की बाणाचा स्पाइन (प्रश्न ६) आणि साइट (प्रश्न १०) पुन्हा तपासाव्या लागतात.

५. बाण न लावताच दोरी सुटली. धनुष्य ठीक दिसतंय. वापरू का?

नाही. लिंबांत साठलेली बहुतेक ऊर्जा बाण घेऊन जातो. बाण नसेल तर ती सगळी लिंब, कॅम, आस आणि दोरीतच आदळते. तडा लगेच दिसेलच असं नाही. तो पुढच्या दहाव्या किंवा पन्नासाव्या वेळी, दोरी चेहऱ्याजवळ असताना उघडा पडू शकतो.

कापसाचा बोळा लिंबांच्या कडांवरून आणि दोन्ही पृष्ठांवरून फिरवा. तंतू अडकला तिथे चीर आहे. कॅमची खोबण वाकली आहे का, दोरी खोबणीतून बाहेर आली आहे का, आस सरळ आहे का, हे पाहा. काहीही सापडलं नाही तरी बो-प्रेस (लिंब दाबून दोरी सैल करणारं यंत्र) असलेल्या जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा ओढू नका. फार हलक्या बाणाने हेच नुकसान हळूहळू होतं (प्रश्न ७). नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचा, दोरीत बसणारा खाचेचा तुकडा) दोरीवर नीट न बसल्याने बाण निसटून रिकामी दोरी सुटण्याचे प्रकारही होतात, म्हणून नॉक बसल्याची 'टक्' ऐकू आल्याशिवाय ओढायचं नाही.

६. बाणावर ३४०, ४००, ५०० लिहिलेलं असतं ते काय?

तो स्पाइन, म्हणजे दांडा किती वाकतो त्याचं माप. दांडा २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मध्ये १.९४ पाउंड वजन टांगतात. दांडा ०.४०० इंच खाली वाकला तर स्पाइन ४००. आकडा लहान, तितका दांडा ताठ.

सुटताना बाण प्रत्यक्ष किती वाकतो हे मात्र आणखी तीन गोष्टींवर ठरतं. धनुष्याचं वजन वाढलं, बाणाची लांबी वाढली किंवा टोकाचं वजन वाढलं, की तोच दांडा जास्त लवचीक वागतो. ६० पाउंडाचं धनुष्य, २८ इंची बाण आणि १०० ग्रेनचं टोक असेल तर तक्त्यांत उत्तर ४०० च्या आसपास येतं. १०० च्या जागी १५० ग्रेनचं टोक लावलं तर एक पायरी ताठ दांडा पाहावा लागतो. प्रत्येक उत्पादकाचा तक्ता वेगळा असतो, म्हणून ज्याचा बाण त्याचाच तक्ता वापरा. दोन स्पाइनच्या मधोमध अडकलात तर कंपाऊंडसाठी ताठ बाजूचा घ्या.

बाणाची लांबी नॉकच्या खाचेपासून दांड्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात, पुढे लावलेलं टोक (पॉइंट) धरून नव्हे. पूर्ण ताणावर दांडा रेस्टच्या (बाण टेकायच्या आधाराच्या) किमान १ इंच पुढे राहायला हवा. आखूड बाण रेस्टवरून मागे घसरून थेट हातात घुसू शकतो. आणखी एक: कंपाऊंडवर लाकडी बाण कधीही लावू नका. कार्बन किंवा ॲल्युमिनियम, तोही त्या वजनाला मान्य असलेला.

७. हलका वेगवान बाण चांगला की जड? एफओसी किती असावा?

खालची मर्यादा आधी: बहुतेक उत्पादक धनुष्याच्या प्रत्येक पाउंडामागे किमान ५ ग्रेन बाण मागतात. ६० पाउंडाला ३०० ग्रेन. त्याखाली गेलात तर प्रश्न ५ मधलं नुकसान हप्त्याहप्त्याने होतं आणि वॉरंटीही जाते. जाहिरातीतला वेगही साधारण याच हिशेबाचा असतो: ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ लेंथ, ३५० ग्रेन बाण. तुमचं धनुष्य त्या आकड्याला पोचलं नाही तर त्यात बिघाड शोधू नका.

शिकारी मांडणीला पाउंडामागे ६.५ ते ८ ग्रेन हा आमच्या मते समजूतदार पट्टा आहे. बाणाची ऊर्जा काढायचं सूत्र असं: ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. ४२० ग्रेनचा बाण २७० च्या वेगाने गेला तर उत्तर ६८ फूट-पाउंड. त्याच धनुष्यातून ३५० ग्रेनचा बाण जास्त वेगाने सुटेल, पण ऊर्जा वाढणार नाही, उलट थोडी घटेल. बाण जितका हलका तितका तो धनुष्याची ऊर्जा कमी घेतो; उरलेली कंप आणि आवाज होऊन बाहेर पडते. जड बाणाची किंमत म्हणजे वक्र मार्ग: अंतराचा अंदाज चुकला तर मारा जास्त वर-खाली होतो.

एफओसी म्हणजे बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे. टोक लावलेला बाण बोटावर तोला आणि नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूपर्यंत मोजा. २८ इंची बाण १७.५ इंचावर तोलला, तर १७.५ वजा १४ म्हणजे ३.५, त्याला २८ ने भागून १२.५ टक्के. १० ते १५ टक्के पुरेसे आहेत. मागे उजळणारं नॉक लावलं की तिथे साधारण १० ते १५ ग्रेन वाढतात आणि एफओसी घसरतो, त्यामुळे सरावाच्या सगळ्या बाणांना तेच नॉक किंवा तेवढ्याच वजनाचं नॉक लावा.

८. नवीन धनुष्यावर रेस्ट, डी-लूप, पीप, साइट कोणत्या क्रमाने लावायचं?

क्रम चुकला की सगळं दोनदा करावं लागतं. ड्रॉ लेंथ आणि वजन ठरवून घ्या (प्रश्न ३ आणि ४), मग या क्रमाने जा:

कॅमची वेळ. हळू ओढताना वरचा आणि खालचा थांबा (ओढ अडवणारी खुंटी) एकाच क्षणी टेकतो का, हे दुसऱ्या माणसाने बाजूने पाहावं. मागे-पुढे होत असेल तर केबलला (दोन कॅम जोडणाऱ्या दोऱ्यांना) पीळ देऊन दुरुस्ती होते, आणि ती फक्त बो-प्रेसवर. हाताने किंवा पायाने लिंब दाबून दोरी काढायचा प्रयत्न करू नका.

रेस्ट. बाणाचा मध्य रायझरवरच्या (धनुष्याच्या मधल्या, मूठ असलेल्या भागावरच्या) रेस्टच्या बोल्ट-छिद्राच्या उंचीवर यावा. आडवं माप म्हणजे रायझरच्या आतल्या बाजूपासून बाणाच्या मध्यापर्यंतचं अंतर. बऱ्याच धनुष्यांत ते १३/१६ इंचाच्या आसपास असतं. पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच घ्या.

नॉकची उंची. बाण दोरीशी काटकोनात, किंवा मागची बाजू फार तर १/८ इंच वर.

डी-लूप. सुमारे ४.५ इंच दोरा घ्या. एक टोक लायटरने वितळवून छत्रीसारखं फुगवा, गाठ मारा, मग दुसरं टोक तसंच करून विरुद्ध बाजूने गाठ मारा. नॉकच्या वर-खाली गाठी चिकटून असाव्यात, पण नॉकला चिमटा बसू नये. पक्कडीचे जबडे लूपमध्ये घालून उघडा आणि गाठी कसून ओढा. टोक नीट फुगलेलं नसेल तर पूर्ण ताणावर लूप सुटतो आणि तुमचीच मूठ तुमच्या तोंडावर आदळते. या कामात घाई नको.

पीप, म्हणजे दोरीत बसवलेलं आरपार पाहायचं छिद्र. डोळे मिटून ओढा, नेहमीच्या जागी अँकर करा, मग डोळा उघडा. पीप डोळ्यासमोर आपोआप यायला हवा. मान वर-खाली करावी लागली तर पीप सरकवा. पीपचं गोल छिद्र आणि साइटचं गोल कडं एकात एक नेमकं बसावं. शिकारी मांडणीला ३/१६ इंचाचं छिद्र बहुतेकांना जमतं. कमी उजेडासाठी १/४. जागा ठरली की पीप वरून-खालून दोऱ्याने बांधा, नाहीतर तो उडून डोळ्यावर येऊ शकतो.

साइट सगळ्यात शेवटी. प्रत्येक भागाच्या जागी मार्करची बारीक रेघ मारून ठेवा. काही महिन्यांनी बाण अचानक दुसरीकडे जायला लागले, तर काय सरकलं ते त्या रेघाच सांगतात.

९. पूर्ण ताणावर पीप वाकडा होतो, आरपार दिसत नाही.

नवीन दोरी पहिल्या शंभर-दोनशे बाणांत बसते, त्या काळात हे होतंच. तोवर दुरुस्ती करू नका. नंतरही वाकडाच राहिला तर बो-प्रेसवर दोरीच्या टोकाला अर्धा किंवा एक पीळ द्या किंवा काढा. फेरफार मोठा असेल तर पीपच्या एका बाजूची एक लड दुसऱ्या बाजूला घेतात. डी-लूप किंचित फिरवूनही थोडा फरक पडतो. बरीच जुनी झालेली दोरी एकाएकी फिरायला लागली तर ती बदलायची वेळ आली आहे (प्रश्न १९).

१०. बाण डावीकडे लागतोय. पिन कोणत्या बाजूला सरकवायची?

बाण जिथे लागतो तिकडे. डावीकडे लागला तर पिन डावीकडे, वर लागला तर पिन वर. साइट डोळ्यापासून साधारण १ यार्डावर असते, म्हणून पिन १ मिलिमीटर सरकवली की २० यार्डांवर मारा सुमारे २० मिलिमीटर सरकतो आणि ४० यार्डांवर ४० मिलिमीटर. हा हिशेब लक्षात ठेवला तर उगाच फिरवाफिरवी होत नाही.

१० यार्डांपासून सुरुवात करा, म्हणजे बाण टार्गेटबाहेर जाणार नाही. मग २० वर जाऊन वरची पिन लावा, पुढे ३० आणि ४०. एका बाणावरून काहीही सरकवू नका. तीन-तीन बाणांचे दोन गट मारून त्यांचा मध्य पाहा. आणि जे आधी ट्यून केलेलं नाही त्याची चूक साइटने झाकू नका. २० ला मध्यात आणि ४० ला डावीकडे लागत असेल तर दोष साइटच्या पिनमध्ये नाही, तो रेस्ट किंवा पकडीत आहे.

११. पेपर ट्यूनिंगमध्ये फाटलेला कागद कसा वाचायचा?

चौकटीत कागद ताणून लावा. तुम्ही कागदापासून ६ फुटांच्या आसपास उभे राहा; टार्गेट कागदाच्या पलीकडे निदान एक बाणभर अंतरावर हवं. बाण खांद्याच्या उंचीवर, जमिनीला समांतर सोडा. गोल छिद्र म्हणजे टोक गेल्याची जागा. तीन चिरा म्हणजे पिसांची. दोन्ही एकावर एक असतील तर बाण सरळ निघतोय.

पिसं वर फाटली: नॉक उंच आहे, रेस्ट वर घ्या किंवा डी-लूप खाली. पिसं खाली फाटली: उलट करा. दुरुस्ती केली तरी खुणेत काहीच फरक पडत नसेल, तर पिसं कुठेतरी घासत आहेत. पिसांवर पायावर मारायची पावडर फवारा आणि एक बाण सोडा. घासल्याची जागा रेस्टवर किंवा केबलवर पांढरी दिसते.

डाव्या-उजव्या फाटीसाठी पाठांतर करू नका. तिथे कारणं अनेक असतात. सगळ्यात पहिलं कारण म्हणजे मूठ. धनुष्य आवळून धरलं की रायझर पिळतो. पकड अंगठ्याच्या मुळाजवळच्या उंचवट्यावर यावी, बोटांची पेरं ४५ अंशांत तिरकी आणि बोटं सैल. मूठ बदलून पाच बाण मारा. फाट दरवेळी वेगळी येत असेल तर धनुष्याला हात लावू नका, मूठच सुधारायची आहे. फाट दरवेळी सारखीच येत असेल तर रेस्ट १/३२ इंच एका बाजूला न्या. फाट वाढली तर दुसऱ्या बाजूला. एकूण १/८ इंचापेक्षा जास्त सरकवावं लागलं तर थांबा आणि स्पाइन किंवा कॅमचा कल तपासा.

१२. फील्ड पॉइंट (सरावाची साधी टोकं) मध्यात लागतात, ब्रॉडहेड (धारदार पात्यांची शिकारी टोकं) लावले की सहा इंच बाजूला. वजन तर सारखंच आहे!

वजन सारखं असलं तरी ब्रॉडहेडची पाती हवेत पंखांसारखी काम करतात. बाण किंचित तिरका निघाला तर फील्ड पॉइंटच्या बाबतीत मागची पिसं ते लगेच सुधारतात. ब्रॉडहेड मात्र पुढून बाणाला त्या तिरक्या दिशेने नेतं.

आधी ब्रॉडहेड सरळ बसलंय का पाहा: बाण उभा धरून टोकावर गरकन फिरवा, किंवा दोन टेकूंवर ठेवून फिरवा. टोक थरथरलं तर दुसऱ्या दांड्यावर लावून पाहा. दांड्याचं तोंड काटकोनात कापलेलं नसणं हे नेहमीचं कारण. नंतर रेस्ट हलवायचं, आणि तेही ज्या दिशेला ब्रॉडहेड जायला हवं त्या दिशेला. ब्रॉडहेड डावीकडे लागतात तर रेस्ट उजवीकडे, ब्रॉडहेड खाली लागतात तर रेस्ट वर. एका वेळी १/३२ इंच. दोन्ही गट एकत्र आले की मगच साइट हलवा.

ब्रॉडहेड नेहमी त्याच्या पान्यानेच बसवा, उघडं कधी ठेवू नका आणि आच्छादलेल्या भात्यातच न्या. सरावासाठी वापरलेलं पातं धार न लावता शिकारीला वापरू नये. कमी वजनाच्या धनुष्यावर उघडणाऱ्या पात्यांचं ब्रॉडहेड टाळा. पाती उघडण्यातच ऊर्जा खर्च होते.

१३. सहापैकी एकच बाण दरवेळी बाहेर जातो.

बाणांवर आकडे लिहा. बाहेर जाणारा आकडा तोच असेल तर दोष बाणाचा, बदलत असेल तर तुमचा. दोषी बाणाचं नॉक एका पिसाइतकं, म्हणजे १२० अंश फिरवून पुन्हा मारा; कार्बनच्या दांड्याची एक बाजू थोडी जास्त ताठ असते आणि एवढ्यानेही तो गटात येतो. तिन्ही जागी तो बाहेरच राहिला तर प्रश्न १८ प्रमाणे तपासा. नॉकची पकडही पाहा: बाण दोरीला लावून खाली लोंबकळू द्या, तो टिकला पाहिजे, दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटला पाहिजे.

१४. रोज किती बाण मारावेत? दीडशे मारतो, तरी सुधारणा नाही.

म्हणूनच नाही. खांदा थकल्यावरचे बाण चुकीचीच सवय पक्की करतात. नीट लक्ष देऊन मारलेले ३० ते ४० बाण, आठवड्यातून चार दिवस, हे पुरेसं आहे. गट पसरायला लागला किंवा पिन टार्गेटखाली घसरायला लागली की त्या दिवसाचं काम संपलं.

सरावाचा पहिला भाग टार्गेटपासून दोन-तीन मीटरवर, कागद न लावता करा. समोर फक्त फोम. पूर्ण ताणावर डोळे मिटून पाठीचे स्नायू ओढत राहा आणि बाण सुटू द्या. नेम नसल्यामुळे लक्ष पाय, मूठ, अँकर आणि सुटकेकडे राहतं. असे १० ते १२ बाण. मग २० यार्डांवर तीन-तीनचे गट. शेवटी दोन-चार बाण तुमच्या नेहमीच्या अंतराहून लांबून; ४० वर मारून आलं की २० सोपं वाटतं.

शिकारी मांडणीसाठी आणखी दोन सवयी हव्यात. दिवसाचा पहिला, थंड अंगाने मारलेला बाण वेगळा नोंदवा: अंतर आणि चूक किती इंच. महिन्याभरानंतर ती वही तुमची खरी पातळी सांगेल, कारण मैदानात दुसरा बाण मिळत नाही. दुसरी सवय म्हणजे गुडघ्यावर, बसून आणि जाड कपडे घालून मारणं. बाहीला दोरी घासली तर बाण डावीकडे जातो; बाहीवर पट्टा बांधा.

१५. पिन मध्यावर आली की बोट आपोआप ट्रिगर झटकतं, किंवा पिन मध्यावर येतच नाही.

याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि तो चांगल्या चांगल्यांना होतो. मेंदूने 'पिन मध्यावर' आणि 'सोड' यांची गाठ बांधलेली असते. इच्छाशक्तीने ती सुटत नाही, वेगळी सवय लावावी लागते.

दोन-तीन आठवडे फक्त जवळच्या कोऱ्या फोमवर मारा (प्रश्न १४). त्यानंतर २० यार्डांवर नेम धरा, पिन मध्यावर दहा सेकंद ठेवा आणि न सोडता दोरी परत खाली घ्या. दिवसाला दहा वेळा. पिन थोडी तरंगतेच. ती तरंगू द्यावी, तिला जागेवर खिळवायला जाऊ नये. मनगटी रिलीज असेल तर पट्टा इतका आखूड करा की ट्रिगर बोटाच्या शेंड्याऐवजी दुसऱ्या पेराजवळ येईल. मग बोट वाकवून ठेवायचं आणि पाठ आवळत न्यायची. दाब हळूहळू वाढतो. ओढताना मात्र बोट ट्रिगरच्या मागेच ठेवा.

१६. माझी खरी हद्द किती यार्ड?

सहा इंची वर्तुळ काढा. ज्या अंतरावर, अनोळखी जागी, थंड अंगाने दहापैकी नऊ बाण त्यात पडतात, ते तुमचं अंतर. ओळखीच्या मैदानावर दमदार गट पडणारं अंतर यापेक्षा बरंच जास्त असतं आणि ते या कामाला उपयोगाचं नाही. जिवंत प्राण्याच्या बाबतीत यातूनही पाच-दहा यार्ड कमी करा: बाण पोचेपर्यंत प्राणी एक पाऊल टाकू शकतो, आणि जखमी होऊन पळालेला प्राणी ही सर्वस्वी तिरंदाजाची जबाबदारी आहे.

१७. मचाणावरून किंवा उतारावर बाण वर का लागतात?

गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतरावर होतो, उताराच्या लांबीवर नाही. ३० अंशांच्या उतारावर अंतर मोजणारी दुर्बीण (रेंजफाइंडर) ३० यार्ड दाखवत असेल तर आडवं अंतर सुमारे २६ यार्ड, आणि नेम २६ चा धरायचा. चढावरही तसंच. आडवं अंतर दाखवणारे रेंजफाइंडर मिळतात. मचाणावर बसलेले असाल तर सोपी युक्ती: आपल्याच उंचीवरच्या झाडाच्या खोडाकडे नेम धरून त्याचं अंतर मोजा.

दुसरं कारण शरीर. फक्त हात खाली नेला की ड्रॉ लेंथ आणि अँकर दोन्ही बिघडतात. आधी सरळ उभं राहून पूर्ण ताण घ्या, मग कमरेतून वाका. उतारावर बाण बाजूलाही जात असतील तर साइटचा तिसरा अक्ष चुकलेला असतो: सपाटीवर पातळीचा बुडबुडा मध्यात, पण धनुष्य खाली झुकवल्यावर तो खोटं सांगतो. साइटवर त्यासाठी वेगळा स्क्रू असतो. मचाणावर सुरक्षा पट्ट्याशिवाय चढू नका.

१८. कार्बन बाण कसे तपासायचे? टार्गेट कोणतं हवं?

प्रत्येक वेळी दगडाला, लाकडाला किंवा दुसऱ्या बाणाला लागलेला बाण तपासा. दोन्ही टोकं धरून हलकासा वाकवा, थोडा फिरवा, पुन्हा वाकवा. करकर ऐकू आली किंवा बोटाला चीर जाणवली तर तो बाण मोडून टाका, जपून ठेवू नका. चीर पडलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

पोत्याचं टार्गेट फक्त फील्ड पॉइंटसाठी. ब्रॉडहेड त्याचं कापड फाडतं आणि आत अडकतं. ब्रॉडहेडसाठी दाट फोम. टार्गेटमागे मातीचा बांध किंवा दुसरी भक्कम आड हवीच, कारण चुकलेला बाण शेकडो मीटर जाऊ शकतो. पूर्ण ताणात धनुष्य कधीही क्षितिजाच्या वर नेऊ नका. बाण उपटताना एक हात टार्गेटवर टेकवा, दुसऱ्याने टार्गेटजवळ धरून सरळ ओढा, आणि मागे कुणी उभं नाही ना ते पाहा. नॉक डोळ्याच्या उंचीवर येतं.

१९. दोरी कधी बदलायची? धनुष्य गाडीत ठेवलं तर चालेल?

दोरी केसाळ दिसली की मेण लावा, बोटांनी चोळून गरम करून आत जिरवा आणि जादाचं पुसा. वर गुंडाळलेल्या सर्व्हिंगवर मेणाची गरज नसते. एखादी लड तुटली, सर्व्हिंग सरकून खालची दोरी दिसली, किंवा दोन-तीन वर्षं झाली, की दोरी आणि केबल एकत्रच बदला.

उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवू नका. उष्णतेने दोरी लांबते, कॅमची वेळ आणि पीप बिघडतो आणि लिंबांचे थर सुटू शकतात. हंगामापूर्वी सगळे बोल्ट ॲलन कीने तपासा; कंपामुळे रेस्टचा आणि साइटचा बोल्ट सर्वांत आधी सैल होतो.

२०. हेच धनुष्य घेऊन स्पर्धेत उतरता येईल का?

येईल, पण आधी तीन गोष्टी तपासा. वर्ल्ड आर्चरीच्या (तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत कंपाऊंडचं कमाल वजन ६० पाउंड आहे, त्यामुळे ६५ किंवा ७० चं धनुष्य बोल्ट सैल करून तिथे आणावं लागतं, आणि ते पुस्तिकेतल्या मर्यादेत बसतं का ते पाहावं लागतं (प्रश्न ४). बाणाच्या दांड्याची जाडी ९.३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. शिकारी बाण सहसा याहून बारीकच असतात. ब्रॉडहेड अर्थातच चालत नाहीत. मैदानी स्पर्धेत कंपाऊंडचं अंतर ५० मीटर असतं, म्हणजे साधारण ५५ यार्ड. चाळीसपर्यंतच पिना असतील तर ५० मीटरसाठी एक पिन वेगळी लावून घ्या. वजन उतरवल्यावर जुने बाण ताठ पडतात, म्हणून पेपर ट्यूनिंगपासून पुन्हा सुरुवात करा.